एक्स्पोर्ट क्वालिटीचे दाजी

आमचे दाजी शेवटी दुबईला गेले. लेकीने तिकीट पाठवलं होतं. त्यांना विमानतळावर सोडायला आम्ही सगळे गेलो, तेव्हा माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, काचेपलीकडे हात हलवत एवढंच म्हणाली, "इतकी वर्सं गोठ्यात माल तयार केला, आन् गेलं कोण बग!"

खरंच होतं ते. आपले बोकड दुबईला पाठवायचे म्हणून ह्या माणसाने रिटायर झाल्यानंतरची सगळी वर्षं खर्ची घातली, आणि त्यांच्या गोठ्यातून त्या देशात पोचलेला हा एकमेव जीव. ताई इथेच राहिली, शेळ्या बघायला कोणी तरी हवं ना. दाजी परत कधी येणार असं कोणी विचारलं, की म्हणते, "राहूंदे तिकडंच. एक्स्पोर्टचा माल परत मागवला तर दोन्ही बाजूंचं भाडं आपल्यावर पडतं."

हे वाक्यसुद्धा दाजींचंच. त्यांच्या घरात मिठापासून जावयापर्यंत कशावरही बोलणं निघालं, तरी ते शेवटी बंदरावर जाऊन थांबायचं.

दाजी एस.टी.त कंडक्टर होते. गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. थोडी भातशेती आणि घरामागे चढत गेलेला वरकस माळ. गवत, करवंदीच्या जाळ्या आणि दगड, एवढंच तिथे पिकायचं. रिटायर झाल्यावर दाजींनी त्या माळावर शेळ्या ठेवल्या. इथवर वेडेपणा काही नव्हता. वेड लागलं ते तालुक्याला झालेल्या शेळीपालनाच्या शिबिरात. मी त्या शिबिराला हजर होतो. दाजींनी ओढून नेलं होतं आणि जेवणात गुलाबजाम आहेत असं कळल्यामुळे मी ओढला गेलो होतो. व्यासपीठावर सुटाबुटातले एक वक्ते होते. मे महिन्यात, मंडपात, सुटाबुटात. त्यांनी माईक हातात घेतला आणि समोर बसलेल्या शे-दीडशे शेतकऱ्यांना सांगितलं, "मित्रहो, जग तुमच्या बोकडांची वाट बघतंय!"

टाळ्या झाल्या. लोक गुलाबजाम खाऊन घरी गेले. भाषण ऐकायचं, टाळी वाजवायची आणि घरी जायचं, ही आपल्याकडची साधी रीत. दाजींना ती ठाऊक नव्हती. ते घरी आले आणि जगाला फार वेळ तिष्ठत ठेवणं बरं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच कामाला लागले.

पहिलं काम त्यांनी केलं ते मनगटावरचं घड्याळ दुबईच्या वेळेवर लावलं. "गिऱ्हाईक उठतं कवा, जेवतं कवा, आपल्याला म्हायती पायजे." तिकडची वेळ आपल्या दीड तास मागे. परिणाम असा झाला, की ज्या माणसाने उभ्या हयातीत गाडी एक मिनिट उशिरा सोडली नाही, तो माणूस सगळीकडे दीड तास उशिरा पोचायला लागला. लग्नात अक्षता झाल्यावर, दहाव्याला कावळा शिवून गेल्यावर. माझ्या बायकोच्या भाच्याच्या साखरपुड्याला आले तेव्हा मांडववाला खुर्च्या उचलत होता. "काय रं, आवरलं?" दाजींनी विचारलं. मांडववाला म्हणाला, "काका, तुमी उद्याच्या कार्यक्रमाला लवकर आलात."

मग हवामान. अख्खा कर्जत तालुका मृगाच्या ढगाकडे डोळे लावून बसलेला असताना दाजी फोनवर दुबईचं तापमान बघत. "आज चव्वेचाळीस हाय रं तिकडं. आपल्या पोरांचं कसं व्हायचं?" पोरं म्हणजे बोकड. त्यांना सवय व्हावी म्हणून दाजी त्यांना भर दुपारी माळावर उन्हात उभे करत आणि स्वतः शेजारी छत्री न घेता उभे राहत. बोकड हुशार. ते एकेक करत दाजींच्या सावलीत येऊन उभे राहायचे. तिकडची चव तोंडाला ओळखीची असावी म्हणून आठवड्यातून एकदा खजूर. घरात खजूर आलेला ताईने लग्नानंतर प्रथमच पाहिला, तोही बोकडाच्या तोंडात.

गोठ्यामागे दाजींनी एक भंगारातला टेंपो आणून उभा केला होता. इंजिन नाही, चाकं नाहीत, नुसता सांगाडा. त्याला लाकडी फळी लावली होती. रोज संध्याकाळी बोकडांनी त्या फळीवरून रांगेत वर चढायचं, आत उभं राहायचं आणि रांगेत उतरायचं. जहाजात चढताना घाबरू नयेत म्हणून हा सराव. कंडक्टर फळीजवळ उभा. "चला, पुढं सरकून घ्या, पुढं जागा हाय. ए दाढीवाल्या, दारात उभा राहू नको." सगळे चढले की पत्र्यावर दोनदा टकटक. मी शपथेवर सांगतो, त्या टकटकीनंतर बोकड पाय रोवून उभे राहत. आमच्या कारखान्याच्या बसमध्ये माणसंसुद्धा इतकी शिस्तीत उभी राहत नाहीत.

माणसांची प्रतवारीही ठरलेली. माणूस एक तर एक्स्पोर्ट, नाही तर लोकल, नाही तर रिजेक्ट. माझ्या मुलीला दहावीत ब्याऐंशी टक्के मिळाले. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "चांगलं हाय. पण एक्स्पोर्टला नव्वदच्या वर लागतात." माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला गेला, तो अर्थातच एक्स्पोर्ट. मी खोपोलीच्या कारखान्यात स्टोअरकीपर. माझ्याबद्दल माझ्यादेखत पाहुण्यांना सांगत, "आमचा ह्यो मेवणा लोकल माल. पण टिकाऊ." बायकोला हे फार आवडलं. अजूनही भाजी आणायला विसरलो की म्हणते, "टिकाऊपणा दिसतोय."

पण ह्या लोकल मालालाच दाजींनी आपला एक्स्पोर्ट मॅनेजर नेमलं होतं. कारण मला ई-मेल करता येत होता आणि नाही म्हणता येत नव्हतं. जनावरांची निर्यात कधी चालू असायची, कधी बंद. आज अमुक बंदरातून जहाज जाणार, उद्या स्थगिती, परवा स्थगितीला स्थगिती. दाजी मला कामावर फोन करत. समोर गास्केट मागायला फिटर उभा, आणि कानात दाजी, "आज बंदर उघडं हाय का?" खोपोलीला, घाटाच्या तळाशी बसून मला बंदर कुठून दिसणार? मी म्हणायचो, "बघून सांगतो." ह्याच एका वाक्यावर माझी आख्खी नोकरी झाली आहे.

त्यांच्या सांगण्यावरून मी मुंबईच्या निर्यातदारांना इंग्रजीत मेल लिहायचो. दाजी मराठीत सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. आमचे बोकड सुदृढ आहेत, उन्हात उभे राहतात, फळी चढतात आणि स्वभावाने अत्यंत नम्र आहेत, असा त्याचा सारांश. एकदा पाठवून झाल्यावर मुलीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा बोकडांचा बायोडेटा आहे की स्थळ?" कुठूनच उत्तर येत नव्हतं, ह्यात त्या निर्यातदारांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

हसायला सोपं आहे. मीही हसायचो, घरी येऊन नक्कलसुद्धा करून दाखवायचो. फक्त एक गोष्ट आली की हसू जरा अडकायचं. ती गोष्ट म्हणजे भाई.

भाई हे त्या पट्ट्यातले बोकडांचे व्यापारी. एकमेव. दुसरा कोणी यायचाच नाही. भाई मोटरसायकलवरून येत, इंजिन चालू ठेवून गोठ्यात शिरत, बोकडाच्या कमरेत हात घालून जरासं उचलत आणि एक सुस्कारा सोडत. सुस्कारा असा, की बोकडालाच लाज वाटावी. "हाडं हायत नुसती." मग भाव सांगत. काटा नाही, वजन नाही. हात म्हणजे काटा, तोही भाईंचा. ताई म्हणायची, "भाई, थोडं वाढवा की." भाई म्हणत, "बाय, नको तर ठेव. तुझीच हायत." बोकड ठेवून काय करणार? खातो किती! पुढच्या खेपेला भाव आणखी उतरलेला. माळाच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे. तिथली बुधीबाय आणि तिच्यासारख्या घरोघरच्या बायका दोन-दोन, तीन-तीन शेळ्या ह्याच माळावर आणत. त्यांना तर भाई भाव सांगतही नसत, हातात टेकवत.

ह्यावर दाजींचं एक वाक्य होतं. खजूर-फळीच्या गोंगाटात ते कोणी नीट ऐकून घेतलं नाही, मीही नाही. "ज्याला एकच गिऱ्हाईक, त्याला भाव नसतो रं. त्याला हुकूम असतो."

मागल्याच्या मागल्या वर्षी ताईचा धीर संपला. माळाला मुंबईच्या बंगलेवाल्यांकडून मागणी आली होती. कर्जतकडे हल्ली दगडालाही मागणी येते, फक्त त्यावरून डोंगर दिसला पाहिजे. एजंट दोनदा येऊन चहा पिऊन गेला होता. ताईने मला बोलावून घेतलं, दाजींना समोर बसवलं आणि सांगितलं, "हा साक्षीला बसलाय. यंदाच्या बकरी ईदला बोकडं बऱ्या भावात गेली, तर तुमचा गोठा, तुमचा माळ, मी चकार शब्द काढणार नाय. नाय गेली, तर माळ विकायचा. म्हातारपणी मला लेंड्या काढायच्या नायत."

"आन् बुधीबायच्या शेळ्या?" दाजी.

"त्या मी सांगू काय कुठं चरायच्या? कुंपण पडलं का पडलं."

दाजींनी घड्याळाकडे पाहिलं. दुबईत तेव्हा बहुधा जेवणाची वेळ झाली असावी. म्हणाले, "ठीक हाय. यंदा जातीलच."

आणि काय चमत्कार, माझ्या मेलला उत्तर आलं. निर्यातीचं काम करणाऱ्या एका कंपनीचा माणूस माल बघायला येतो म्हणाला. दाजींनी दोन दिवस झोप घेतली नाही आणि कोणाला घेऊ दिली नाही. बोकडांना शाम्पू लावला. तो ताईचा होता. बुधीबायला आणि वाडीतल्या चौघींना निरोप गेला, तुमचेही बोकड घेऊन या, सगळा माल एकत्र दाखवू. सकाळी माळाच्या खाली शाम्पूच्या वासाचे तीसेक बोकड उभे, त्यांच्या बाजूला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दाजी, आणि त्यांच्या बाजूला एक्स्पोर्ट मॅनेजर म्हणून मी, बुटांत.

जीप आली. एक तरुण, सभ्य, घामाघूम साहेब उतरला. त्याने मागचं दार उघडलं, बॅग काढायला. दार उघडं, आत जाणारी पायरी, बोकडांना आणखी काय पाहिजे? पहिला चढला, त्याच्यामागे दुसरा. साहेब ओरडायच्या आत पाच बोकड मागच्या सीटवर उभे होते आणि सहावा चढायला जागा मागत होता. दाजींच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो मी त्यांच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "ट्रेनिंग हाय साहेब," ते म्हणाले.

बोकड उतरवले. साहेबाने एकाचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. "अच्छा माल है, काका. वजन भी अच्छा है." बुधीबायने माझ्या दंडाला चिमटा काढला, आनंदाने. मग साहेबाने बोकडाचा कान हातात धरला. दुसऱ्याचा धरला. तिसऱ्याचा. मग रांगेच्या टोकापर्यंत नुसते कान बघत गेला आणि परत आला.

"काका, ये सब का कान किसने काटा?"

आता हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे करडू जन्माला आलं की पाचव्या दिवशी त्याचा कान कातरतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. ताईकडे उजव्या कानाचं टोक, बुधीबायकडे डाव्या कानाला खाच, कोणाचा कान मधोमध फाडलेला. सगळ्यांच्या शेळ्या एकाच माळावर चरतात, मग संध्याकाळी आपलं कुठलं ते कळायचं कसं? कान म्हणजे आमच्या जनावरांचा सातबारा. ही गोष्ट इतकी रोजची, की दाजींनी दुबईचं ऊन, दुबईचा खजूर, दुबईचं घड्याळ, सगळ्याचा विचार केला. पण कान आपल्याला दिसतोय तसा दुसऱ्यालाही दिसेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. आणि प्रत्येक पिल्लाचा कान त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या दाढीच्या पात्याने कापला होता.

साहेब बिचारा समजावून सांगत होता. ईदला कुर्बानीचं जनावर बिनखोट लागतं. डोळा, शिंग, पाय, कान. एवढ्याशा खाचेने चालतं असं काही जण म्हणतात, पण तिकडचं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते अख्ख्या जनावराचे. कान कापलेलं त्यांच्या मालात बसत नाही. "आपका एक भी नहीं चलेगा, काका. सॉरी."

दाजी पुढे झाले. बोकडाचा कान हातात धरून उभे राहिले. पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. ते तसे उभे असताना मला पहिल्यांदाच त्यांची नक्कल करावीशी वाटली नाही.

साहेब जीपकडे वळला, तेवढ्यात ताई पुढे झाली. तोंडावर दुःख नाही, काही नाही. "जेवल्याबिगर जायचं नाय, पाव्हणं."

"नहीं मावशी, देर होगी..."

"बिरडं केलंय वालाचं. बसा."

साहेब बसला. शाकाहारी निघाला. रोज बोकडांची पारख करणारा माणूस बिरडं-भातावर तुटून पडला आणि ताई त्याला आग्रह करकरून वाढत राहिली. मला कळेना, नाकारून चाललेल्या माणसाचा हा पाहुणचार कशासाठी? मग वाढताना ती माझ्या कानाशी वाकली. "भाईचा फेरीचा दिवस हाय आज. जीप रस्त्यावरनं दिसतेय. ह्यांना घेऊन तू मागं जा, आन् गप ठेव." ह्यांना म्हणजे दाजींना.

माझी बहीण सातवी शिकलेली. मी एक्स्पोर्ट मॅनेजर.

दाजींना मी मागच्या टेंपोच्या सांगाड्यात नेऊन बसवलं. थोड्या वेळाने मोटरसायकलचा आवाज आला आणि, पहिल्यांदाच, बंद झाला. भाई उतरले होते.

"काय गं बाय, जीप कुणाची?"

"मुंबैची. एक्स्पोर्टवाले हायत. जेवतायत."

भाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं. साहेब ताक पीत होता. भाई बोकडांकडे गेले. ह्या खेपेला सुस्कारा नव्हता. दोन-तीन बोकड उचलून पाहिले आणि ताईला जो भाव सांगितला, तो ऐकून बुधीबाय खालीच बसली. ताई शांतपणे म्हणाली, "बगते. ह्यांना विचारते."

पण विचारायची गरज पडली नाही. टेंपोत बसलेल्या दाजींना ते ऐकू गेलं होतं. मी शर्ट धरला, बटण माझ्या हातात राहिलं आणि दाजी बाहेर.

"भाई, फसू नका! समदा माल रिजेक्ट झालाय!"

"अवो!" ताई ओरडली.

"कान कापलेत ना! एक बी घेतला नाय साहेबानं. विचारा त्याला." मग ताईकडे वळून, "अगं, एक्स्पोर्टचा धंदा इमानावर चालतो!"

"तुमचा धंदा चाललाय कुठं पण!" ताईने कपाळावर हात मारून घेतला. बुधीबायने वाडीच्या बोलीत दाजींना जे काही म्हटलं त्याचा अर्थ मला कळला नाही, पण सूर कळला. मी हातातल्या बटणाकडे बघत उभा. माळ गेला, हे आम्हा सगळ्यांना त्या क्षणी कळून चुकलं.

भाई हसले. माणूस मोकळेपणी हसला. "मला काय म्हायती नाय व्हय? गाडीवरनंच दिसतात कान. जीपवाला जेवताना बघून वाटलं, आता कापलेलं बी चालायला लागलं का काय. इतकी वर्सं ह्याच कानांच्या जिवावर तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बोकडांना वळसा घालून ते गोठ्याच्या दाराशी गेले. आत ताईची काळी शेळी चार दिवसांपूर्वी व्यालेली. दोन करडं, शेपट्या हलवत ढुसण्या देत होती. भाई वाकले. त्यातल्या एकाचा कान त्यांनी दोन बोटांत धरला. मऊ, लांब, अख्खा.

"ह्यांचं कान कवा कापणार?"

"उद्या पाचवा दिस," ताई सवयीने म्हणाली.

"कशाला कापतोय आता?" दाजी म्हणाले. "आता काय कापणार नाय. वाडीत बी सांगतो, कुणी कापायचं नाय."

भाई तसेच वाकून राहिले. कान सोडला नाही. आत साहेब ताईला हाक मारून आणखी थोडं बिरडं मागत होता. ते हाक मारणं भाईंनीही ऐकलं. मग ते उठले, गुडघे झटकले, ओटीवर येऊन बसले आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "भाव मघाशी सांगितला त्योच. समदी घेतो. वाडीची बी. पण ताई, पुढल्या साली कुणाला दाखवायच्या आदी मला सांगायचं."

तोवरच्या साऱ्या वर्षांत ती त्यांची 'बाय' होती. ताई त्या दिवशी झाली.

संध्याकाळी भाईंचा टेंपो आला. ताईने एजंटला फोन करून माळ विकायचा नाही म्हणून सांगितलं, दोन शब्दांत, तिसरा शब्द चहाबद्दल होता. वाडीतल्या बायका पदराच्या गाठी सांभाळत, हसत डोंगर चढून गेल्या. मी बुटांसकट शेणात पाय दिला. थोडक्यात सगळे खूश. एकटे दाजी सोडून. ते गोठ्याच्या पायरीवर बसून होते. त्यांचे बोकड दुबईला नव्हे, नेरळ-बदलापूरला चालले होते. ज्या मालाला उन्हाची सवय लावली, नम्रपणा शिकवला, तो माल रविवारी कोणाच्या तरी रश्श्यात. ताईने मनधरणी केली, "अवो, दुबई तुमच्या दारात आली, जेवून गेली. अजून काय पायजे?" ते रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, मी अजून तिथेच होतो. ताई सवयीने पातं घेऊन गोठ्यात गेली, दाजींना करडू धरून द्यायला. दाजींनी करडू तिच्या हातातून काढून घेतलं आणि काखेत मारून सरळ डोंगर चढायला लागले. मीही मागोमाग, धापा टाकत. वाडीत घराघरांपुढे उभं राहून त्यांनी तेच सांगितलं, यंदापासून कान कापू नका. हातातलं करडू नमुना म्हणून दाखवत होते. बायका ऐकून घेत होत्या. कालचा भाव ताजा होता, म्हणून.

बुधीबाय मात्र दारात उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आन् वळखायचं कसं रं मग? तुजं कंचं, माजं कंचं?"

"सांजच्याला समदी सोडायची माळावर. आया हाका मारतील. जिच्या मागं जाईल तिचं."

"बरं. आन् कान ठेवलं अख्खं, आन् त्यो जीपवाला आलाच नाय तर?"

दाजींनी काखेतलं करडू सावरलं. ह्या प्रश्नावर ते आता दुबईचं हवामान सांगणार, अशी माझी खात्री होती.

"नाय आला तरी चालंल," ते म्हणाले. "येईल, असं भाईला वाटलं पायजे. तेवढंच लागतं गं."

बुधीबाय त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, दात नसलेलं तोंड भरून. "म्हंजे एवडी वर्सं हे समदं भाईला दावायला चाललं व्हतं व्हय रं? लय पोचलेला हायस. आमी समदी तुला येडा म्हनत व्हतो."

मीही हसलो. किती वर्षांनी दाजींची बाजू वर आली होती, आता त्यांनी नुसतं हो म्हणायचं होतं.

दाजींनी काखेतलं करडू खाली ठेवलं. ते अंगणात दोन उड्या मारून परत त्यांच्याच पायाशी आलं.

"नाय गं," ते म्हणाले. "ती खरंच जायची होती."